लूपरवर थर चढवायचे, की लूपला विरू द्यायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बारा वर्षं बासरी शिकताय. सहा महिन्यांपूर्वी एका बटणाचा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा भरून घेऊन पुन्हापुन्हा फिरवणारं यंत्र, घेतला. व्हिडिओंत बघून आधी ठेका, त्यावर खर्ज, त्यावर दोन-तीन सुरांची जुळणी आणि सगळ्यात वर सुरावट असे थर लावता. पाचव्या मिनिटाला सगळं एकसुरी वाटतं, आणि राग कुठे गेला ते कळत नाही. पुढच्या महिन्यात घरगुती बैठकीत तबल्याबरोबर वाजवायचंय. तर ही रूढ पद्धतच घोटावी, की लोक ज्याला ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणतात त्या वाटेला जावं?

मी मुळात पेटीवाला. वीसेक वर्षं स्वतंत्र तबलावादनाला लेहरा धरतोय आणि गेली दहा-अकरा वर्षं पेटी लूपरमधून वाजवतोय. त्यामुळे पुढचं सगळं एका पेटीवाल्याच्या कानातून आलेलं आहे. गिटार किंवा बीटबॉक्स करणारा माणूस तुम्हाला वेगळं सांगेल आणि त्याच्या जागी तो बरोबरही असेल.

मला तुमची खरी अडचण पद्धत निवडण्याची वाटत नाही. लूप तुमचं ऐकत नाही, ही ती अडचण आहे. लेहरा धरणं म्हणजे तरी काय? तीच एक ओळ तासभर फिरवत राहायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे काम यंत्र सहज करेल. मलाही तसं वाटलं होतं. एका छोट्या बैठकीत मी तीनतालाचा लेहरा लूपरमध्ये भरला आणि वरून मोकळ्या हाताने आलापी करायला लागलो. तबलजींनी कायदा (बोलांची विस्तार करत न्यायची रचना) हातात घेतला, रंगला, आणि लय किंचित चढली. मिनिटाला साठ मात्रांची त्रेसष्ट झाली असेल, त्याहून जास्त नाही. पण साठच्या लयीत तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं, आणि त्रेसष्टच्या लयीत सव्वापंधरा सेकंदांचं. चार आवर्तनांत लूप तीन मात्रा मागे पडला. तबलजी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आले तेव्हा लेहरा चौदाव्या मात्रेच्या आसपास होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. मी लूप बंद केला आणि लेहरा हाताने धरला. मग माझ्या लक्षात आलं की लेहऱ्यातली पुनरावृत्ती हे माझ्या कामाचं निम्मंच अंग आहे. उरलेलं अर्धं म्हणजे तबल्याचं ऐकणं, आणि ते यंत्राला येत नाही.

रूढ लूपिंगमध्ये हा बहिरा साथीदार आपण मान्य करतो आणि त्याच्याशी जुळवून घेतो. प्रयोगशील लूपिंगमध्ये त्याला साथीदार मानतच नाही. तो आपल्या वाद्याचाच एक भाग होतो, आणि त्याने काय लक्षात ठेवायचं, काय विसरायचं हे आपण ठरवतो. दोन्ही वाटांमधला मला महत्त्वाचा वाटणारा फरक एवढाच आहे. यंत्र महाग आहे की स्वस्त, आवाज चित्रविचित्र आहेत की गोड, यावर तो अवलंबून नाही.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण ‘रूढ’ या शब्दाने तुमची गल्लत होते आहे. ज्याला आज प्रयोग म्हणतात ते आधीचं आहे. १९६३ मध्ये पॅरिसमध्ये टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराला एका फ्रेंच अभियंत्याने दोन टेपरेकॉर्डर जोडून दिले. एकाच फितीवर पहिल्या यंत्राने ध्वनिमुद्रण करायचं, ती फीत पुढे दुसऱ्या यंत्रापर्यंत जायची आणि तिथे वाजायची, आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे. दोन यंत्रांमध्ये किती अंतर, त्यावर आवाज किती वेळाने परतणार ते ठरायचं. फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि यंत्रं तीस इंचांवर असतील, तर चार सेकंदांनी. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकारांनी १९७२-७३ मध्ये गिटारसाठी दोन रिव्हॉक्स टेपरेकॉर्डरांवर हेच केलं. यातली खुबी अशी की प्रत्येक फेरीत आवाज थोडा झिजायचा. आवाजातला वरचा, तीव्र भाग बोथट व्हायचा, पातळी उतरायची. जुनं आपोआप मागे सरायचं आणि नव्याला जागा व्हायची. पुढे डिजिटल स्मृती आली आणि लूप न झिजता, जसाच्या तसा, हवा तितका वेळ फिरू लागला. बॉस कंपनीचा आरसी-२० हा पायाने चालवायचा लूपर २००१ चा. २००४ मध्ये केटी टन्स्टॉल ही स्कॉटिश गायिका बीबीसीवर एकटी गिटार आणि पेडल घेऊन उभी राहिली आणि थरांवर थर चढवत गायली, तेव्हा ही पद्धत घरोघरी पोचली. म्हणजे तुम्ही जिला रूढ म्हणता ती मागाहून आली, आणि तिच्यात लूप विसरत नाही.

रायलीची आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. १९७० पासून तो पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्याच घराण्याचं गाणं त्या टेपवाल्याने पुढे उमेदीने घेतलं. मला यात योगायोग वाटत नाही. एका सुराशी इतका वेळ थांबायची सवय दोन्हीकडे आहे.

आता तुमच्या रागाचं. राग हरवतो, कारण रागात सूर एकामागून एक येतात आणि लूप त्यांना एकाच वेळी उभं करतो. यमनमध्ये तीव्र मध्यमावरून पंचमावर येण्यात जे सुख आहे ते येण्याच्या क्रियेत आहे. लूपमध्ये दोन्ही सूर एकत्र अडकले की ते एकमेकांवर घासत राहतात, आणि त्यातून बाहेर पडायला वाट नसते. मारव्यात कोमल रिषभ षड्जाला चिकटतो तेव्हाही तेच. म्हणून रूढ थर लावायचेच असतील तर सुरुवात भूप, दुर्गा किंवा मालकंसापासून करा. या तिन्ही रागांत पाचच सूर आहेत आणि कुठलेही दोन सूर अर्ध्या स्वराच्या अंतरावर नाहीत, त्यामुळे पाचही सूर एकत्र वाजले तरी कानाला टोचत नाहीत. हंसध्वनीतही पाचच सूर, पण तिथे निषाद आणि षड्ज शेजारी येतात, तेव्हा जपून. हा नियम मात्र समजू नका. मारवा-पुरियासाठी तानपुऱ्याची पहिली तार निषादात लावतातच, आणि तो निषाद षड्जाच्या शेजारी किती सुंदर लागतो! फरक असा की तानपुऱ्याची तार छेडल्यावर विरते. लूपमधला निषाद विरत नाही. घर्षण चालतं, पण ते सतत एकाच जोराने चालू राहिलं तर कान थकतो.

तुम्ही भाग्यवान आहात ते एका बाबतीत. बासरीला पायाने बटण दाबता येतं, निदान खुर्चीवर बसून. मी मांडी घालून बसतो. पेडल एका छोट्या पाटावर डाव्या बाजूला ठेवतो आणि भात्यावरचा हात क्षणभर सोडून बटण दाबतो. भात्यात हवा साठलेली असते म्हणून सूर तेवढा वेळ टिकतो. तुमचे दोन्ही हात गुंतलेले, आणि मांडी घातलीत तर पायही गुंतलेला. बैठकीत खाली बसायचंच असेल तर उजवा गुडघा किंचित बाहेर ठेवून पेडल त्याच्याजवळ आणा आणि पावलाच्या कडेने दाबायची सवय घरीच करा. ऐनवेळी हे जमत नाही.

रूढ पद्धत टाळून प्रयोगाकडे पळू नका असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण अगदी कोरडं आहे. लूप बंद करायला न येणाऱ्याला लूप मोडायलाही येत नाही. आठवडाभर बासरी बाजूला ठेवा आणि फक्त पढंत, म्हणजे तोंडाने म्हटलेले तबल्याचे बोल, भरा. धा धिं धिं धा म्हणत सोळा मात्रा पूर्ण करा आणि बटण पुढच्या समेच्या ‘धा’वर दाबा. बहुतेक जण सोळावी मात्रा म्हटली की लगेच दाबतात, म्हणजे समेच्या आधीच, किंवा सम वाजल्याचं ऐकून मग दाबतात, म्हणजे उशिरा. पायाचं दाबणं हीच एक मात्रा आहे असं धरा. १२० च्या लयीत तीनतालाचं आवर्तन आठ सेकंदांचं होतं. तुम्ही सेकंदाचा दहावा भाग जरी उशिरा दाबलंत तरी पाचच आवर्तनांत लूप खऱ्या लयीपेक्षा एक पूर्ण मात्रा घसरलेला असेल. एकटे वाजवताना तुम्ही नकळत लूपच्याच मागे जाता, म्हणून चूक जाणवत नाही. तबला आला की ती उघडी पडते.

दुसरी बाब जोडाची. लूपच्या शेवटी सूर तुटल्यासारखा वाटत असेल, तर बहुधा तुम्ही सूर संपवून मग बटण दाबताय, किंवा घुमारा देणारं रिव्हर्ब लूपरच्या आधी लावलंय आणि त्याची शेपटी कापली जातेय. दोन उपाय आहेत. रिव्हर्ब लूपरच्या नंतर लावा. नाहीतर पहिल्या फेरीनंतर यंत्र सरळ ओव्हरडबमध्ये (जुन्यावर नवा थर भरण्यात) जाऊ द्या आणि शेवटचा सूर समेच्या पलीकडे धरून ठेवा, म्हणजे त्याचा उरलेला भाग लूपच्या सुरुवातीत मिसळेल. काही यंत्रं आपणहून ओव्हरडबमध्ये जातात, काहींना पुन्हा दाबावं लागतं. तुमचं काय करतं ते एकदा शांतपणे तपासा.

तिसरी बाब बासरीचीच आहे. थंड बासरी उतरलेली असते. फुंकरीने आतली हवा गरम झाली की ती चढते. तुम्ही पहिल्या मिनिटाला षड्ज लूपमध्ये भरलात तर दहाव्या मिनिटाला तुम्ही तुमच्याच षड्जाच्या वर असता, आणि कारण कळत नाही. वातानुकूलित खोलीत हे फार होतं. आधी दहा मिनिटं वाजवून बासरी तापवा, किंवा आधारस्वर तानपुऱ्याचाच ठेवा आणि लूपमध्ये लांब षड्ज भरूच नका. पेटीला हा त्रास नाही, म्हणून मला हे एका बासरीवाल्या मित्राबरोबर वाजवताना कळलं.

एवढं झालं की दुसऱ्या वाटेकडे वळा. मी तुम्हाला त्या वाटेवरची एकच गोष्ट घ्यायला सांगेन: लूपला विसरायला लावणं. ज्या यंत्रांत ही सोय असते तिथे त्याला फीडबॅक म्हणतात. साउंडवाले ज्या शिट्टीला फीडबॅक म्हणतात ती वेगळी. इथे अर्थ एवढाच की एका फेरीतला किती आवाज पुढच्या फेरीत जाऊ द्यायचा. शंभर टक्के ठेवलं की तुमचा नेहमीचा लूप. ८० टक्के ठेवलं की तीन फेऱ्यांत आवाजाची पातळी जवळपास निम्मी होते आणि दहा फेऱ्यांत साधारण दहावा भाग उरतो. ९० टक्क्यांना निम्म्यावर यायला सहा-सात फेऱ्या लागतात. आकडे पाठ करू नका, कानाने ठरवा. पण ८० आणि ९० मध्ये केवढा फरक आहे ते एकदा समजून घ्या. नवे लोक बटण थोडंसं फिरवतात आणि काहीच बदललं नाही म्हणून सोडून देतात.

याने काय होतं? बारा सेकंदांचा लूप घ्या, ताल नको. भूपात गंधारावर थांबा. तो गंधार परत येईल, थोडा मंद होऊन. त्यावर पंचम ठेवा. आता दोन्ही येतील, गंधार मागे, पंचम पुढे. धैवतापर्यंत जाऊन उतरा. पहिला गंधार तोवर जवळजवळ गेलेला असतो, फक्त त्याची सावली असते. आलापात श्रोत्याच्या मनात जे घडतं, म्हणजे नुकताच ऐकलेला सूर मनात रेंगाळतो आणि पुढचा त्याच्यावर टेकतो, ते इथे कानाला ऐकू येतं. मारवाही अशा लूपमध्ये वाजवता येतो, कारण रिषभाचा घर्षणारा भाग आपोआप विरत जातो. मी पहिल्यांदा पेटीवर हे केलं तेव्हा रात्री दोनपर्यंत उठलो नव्हतो. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, नाही. तरी विरणाऱ्या सुरावर नवा सूर येताना मला मींडेचा भास झाला, आणि इतकी वर्षं वाजवून पेटीकडून मला तो कधी मिळाला नव्हता.

तुमच्या एका बटणाच्या यंत्रात बहुधा ही सोय नसेल. नवीन यंत्र लगेच घेऊ नका. लॅपटॉप असेल तर सुपरलूपर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फीडबॅकची पट्टी आहे. एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या लूपरमध्येही आहे. एक खाचखळगा लक्षात ठेवा: बऱ्याच ठिकाणी लूप ओव्हरडब चालू असतानाच विरतो. नुसता वाजत ठेवला तर शंभर टक्केच राहतो. म्हणून विरू द्यायचं असेल तेव्हा ओव्हरडब चालू ठेवून गप्प बसायचं, आणि त्या वेळी माइक उघडा असतो हे विसरायचं नाही. खोकला, शेजाऱ्याची कुकरची शिट्टी, सगळं आत जातं.

अर्ध्या वेगाचाही एक प्रयोग करून बघा, सोय असेल तर. लाइन सिक्स कंपनीच्या जुन्या डीएल-४ पेडलमध्ये, १४ सेकंदांच्या लूपवर, हे एका बटणावर होतं. वेग निम्मा केला की सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. सा सा-च राहतो, राग शाबूत राहतो, फक्त मींड दुप्पट संथ होते. मध्यम लांबीच्या बासरीतून अचानक खर्जातली, त्या बासरीवर न मिळणारी मींड ऐकू येते. हे मला विलक्षण वाटतं, आणि हे करायला फारसं काही शिकावंही लागत नाही. उलटा वेग मात्र मी जपून वापरतो. फुंकरीची सुरुवात शेवटी जाते आणि काही वेळाने ती नुसती क्लृप्ती वाटू लागते.

असमान लांबीचे लूप हा प्रकार तुम्हाला दोन यंत्रांशिवाय जमणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एक लूप ७ सेकंदांचा, दुसरा ११ सेकंदांचा. दोन्ही ७७ सेकंदांनीच पुन्हा एकत्र सुरू होतात, मधल्या वेळात सुरांच्या जोड्या सारख्या बदलत राहतात. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने १९६५ मध्ये सारख्याच लांबीच्या दोन फिती हळूहळू एकमेकींपासून सरकू दिल्या, तो याच विचाराचा सख्खा भाऊ. लयकारीची सवय असलेल्या माणसाला हे ऐकताना फार मजा येते, कारण समेची वाट बघायची आपली खोड जात नाही.

ज्याला एक पद्धत दोष म्हणते त्यालाच दुसरी सामग्री म्हणते, याचं एक उदाहरण देतो. स्पीकरमधून येणारा लूप माइकमध्ये परत शिरतो आणि पुन्हा भरला जातो. थरांच्या पद्धतीत हा चिखल आहे. त्यावर उपाय म्हणजे मॉनिटर (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या पाठीमागे ठेवा आणि सराव हेडफोनवर करा. पण १९६९ मध्ये अ‍ॅल्विन ल्यूसियर या अमेरिकन संगीतकाराने खोलीत आपला आवाज भरला, तो खोलीत वाजवून पुन्हा भरला, आणि हे इतक्या वेळा केलं की शब्द गेले आणि खोलीचा स्वतःचा घुमार तेवढा उरला. घरी एकदा मुद्दाम करून बघा. तुमच्या खोलीला कुठला सूर आवडतो ते कळेल, आणि बैठकीत तो सूर का गरगरतो तेही.

बैठकीचं. घरगुती बैठक, तबला आहे, तुमच्याकडे महिना आहे. मी तुमच्या जागी असतो तर तबल्याबरोबर लूप चालवलाच नसता. चालवायचा असेल तर त्याची पूर्वअट अशी की तबलजींनी लूपच्या लयीत राहायचं मान्य केलेलं असावं आणि त्यांच्या कानाशी लूप स्वच्छ ऐकू यावा. काही जण आनंदाने मान्य करतात, विशेषतः फ्युजन वाजवणारे. ज्यांची लय रंगात आली की चढते त्यांच्यावर हे लादू नका. त्यांच्या वादनाचा तो प्राण आहे.

आलापासाठी मात्र लूप जरूर घ्या. तानपुरा चालू, बारा सेकंदांचा विरणारा लूप, आठ ते दहा मिनिटं. तबलजींना आधी सांगून ठेवा की तुम्ही बासरी खाली ठेवलीत म्हणजे लूप विरतोय. ७० टक्क्यांवर ठेवलंत तर सहा फेऱ्यांत, म्हणजे साधारण सव्वा मिनिटात, लूप तानपुऱ्याच्या खाली जातो. हा सव्वा मिनिट मोकळा सोडा, काही वाजवू नका, माइकची पातळी शून्यावर आणा. लोकांना तानपुरा पुन्हा नीट ऐकू यायला लागला की लूपर बंद करा, माइक उघडा, आणि बंदिशीचा मुखडा उचला. तबल्याची पहिली थाप पडेल तेव्हा यंत्रात काहीही शिल्लक नसावं.